खाऱ्या पाण्यातली गोल झाडं

"काकू, आपल्या पान्यात तं टमाटरही नीट धरत नाही, मंग तुमचे हे गोल गोल झाडं कसे जगून राहिले?" लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे असोत की शाळेतल्या बाई, आमच्या अंगणातली, कात्रीने छाटून चेंडूसारखी गोल केलेली कुंड्यांमधली झाडं बघितली की बहुतेकांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं, त्यामुळे बोअर कितीही खोल नेला तरी गोडं पाणी लागेल याची खात्री नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. मोबाइलवर दिसणारी ती सुबक हिरवी झाडं बहुतेक बॉक्सवुडची असतात, थंड हवेतली. इंग्लंडमध्ये लेव्हन्स हॉल नावाच्या वाड्याची अशी बाग आहे, १६९० च्या दशकात आखलेली, आजही छाटून राखलेली. पण तिथलं आभाळ वेगळं. तेच झाड आणून आपल्या वैशाखात ठेवायचं म्हणजे त्या झाडावर अन्याय आहे. आकार नंतर ठरवावा, आधी आपल्या पाण्याला आणि उन्हाला पुरून उरेल असं झाड शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

मला ते सापडलं वनजाईत. नर्सरीवाले तिला कोयनेल म्हणतात. कुंपणाला लावतात ती, कारण गुरं-शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. मूळची ही समुद्रकिनाऱ्याची, खाजणाच्या काठाने वाढणारी, त्यामुळे खारं पाणी तिला नवं नाही. पान लहान, जाडसर, चकचकीत, आणि कात्री लागली की दाट फुटते. कामिनी दिसायला जास्त देखणी आणि वासही सुरेख, पण ती पडली लिंबू-संत्र्याच्या कुळातली. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तिची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. गोडं पाणी असेल तर खुशाल कामिनी लावा. पिवळा ड्युरांटाही छान वळतो, पण त्याची ती नारिंगी फळं विषारी असतात, म्हणून लहान लेकरं असलेल्या घरात मी तो सुचवत नाही.

आता गोल कसा करायचा? तुम्ही तुरीचे शेंडे खुडता ना, तेच इथे. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या कोंबांना, दाबून ठेवतो. तो खुडला की पानांच्या बेचक्यातले दोन डोळे जागे होतात, हिरव्या मोहरीएवढे आधी, मग आठ-दहा दिवसांत त्यांच्या दोन फांद्या. त्या दोघी चार पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. एकाच्या दोन, दोनाच्या चार. झाडाला एकच सरळ खोड ठेवून वर चेंडू हवा असेल तर बांबूच्या कामटीला सुतळीने सैल बांधून आधी हवी तेवढी उंची घेऊ द्या, मगच वरचा शेंडा खुडा. खोडावरची पानं लगेच ओरबाडू नका, खोड जाड होतं ते त्या पानांच्या जिवावर. भरगच्च डोकं यायला दीड-दोन वर्षं लागतात. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवा, नाहीतर उजेडाकडची बाजू फुगते आणि भिंतीकडची विरळ राहते.

खरी मेख कात्री कधी उचलायची यात आहे. होळी झाली की मी कात्री ठेवून देते. वरची पानं काढली की आतली, सावलीत वाढलेली कोवळी पानं उघडी पडतात आणि एप्रिलच्या उन्हात करपतात. मग झाड उन्हाळाभर अस्ताव्यस्त दिसलं तरी चालेल. मृगाचा चांगला पाऊस झाला की पहिली मोठी छाटणी, पुढे दसऱ्यापर्यंत हलकी हलकी.

पाण्याचं म्हणाल तर रोज वरवर शिंपडणं सगळ्यात वाईट. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मातीच्या कुंडीच्या बाहेरून हात फिरवून बघा, पांढरा पोपडा नखाने निघतो, ते हेच. पाणी द्यायचं तर बुडातून वाहून जाईल इतकं द्या, आणि खाली ताटली ठेवू नका. पावसाळ्यात मी सगळ्या कुंड्या पत्र्याच्या पागोळीखाली सरकवते. वर्षभराचं मीठ धुऊन निघतं. त्यासाठी माती पाणी सोडणारी हवी. नुसती काळी माती चिकटून बसते, म्हणून काळी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापाने. उन्हाळ्यात कुंड्या निंबाच्या पूर्वेला, एकमेकींना चिकटून. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन आली की आमच्याकडचा हिरवा नंदी बघायला थांबतात. त्याचंही विचारतात. बांधकामाची बाइंडिंग तार वळून सांगाडा केला, तो कुंडीत रोवला आणि चार कोपऱ्यांत चार वनजाई लावल्या, पायांच्या जागी. फांद्या लांबतील तशा तारेला बांधायच्या, बाहेर येईल ते खुडायचं. शिंगांत मात्र झाड भरत नाही, तेवढ्या बारीक जागेत फांदी वाळते, म्हणून शिंगं तारेचीच ठेवून गेरूने रंगवली.

आषाढात छाटणी झाली की पेन्सिलीएवढ्या जाड काड्या बाजूला काढून ठेवते. वीतभर काडी ओल्या रेतीत खोचली की महिन्याभरात मुळं धरते. तेव्हा या, हव्या तेवढ्या घेऊन जा.