लोणंद–फलटण लाइट रेल्वे: कधीच न झालेल्या मार्गाचा इतिहास

कोथरूडच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीच्या भिंतीला लागून ३.६ मीटर लांबीची एक फळी आहे आणि तिच्यावर गेली सहा वर्षे मी एक छोटी मॉडेल रेल्वे बांधते आहे. लोणंद ते फलटण हा सुमारे २६ किलोमीटरचा खरा ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा मार्ग २०१९ मध्ये सुरू झाला. माझी गाडी मात्र त्याच दोन गावांमध्ये ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरून, १९५५ सालात धावते. असा मार्ग तेव्हा नव्हता. तो असता तर कोणी बांधला असता, कोणाच्या पैशाने आणि कशाच्या भरवशावर, हे ठरवण्यात माझे जितके दिवस गेले तितके रूळ टाकण्यात गेलेले नाहीत, आणि या छंदातील मला सर्वांत प्रिय असलेला भाग तोच आहे.

सुरुवातीलाच मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कल्पना एकच करायची, ती म्हणजे हा मार्ग बांधला गेला. त्याच्या आजूबाजूचे ऊन, पाणी, पिके, कायदे आणि बाजारभाव मात्र खरे ठेवायचे. या नियमामुळे कितीतरी आवडत्या गोष्टींवर पाणी सोडावे लागले. मला एक बोगदा फार हवा होता. बोरघाटातील १:३७ चा, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट चढणारा चढ आणि तेथील बोगदे लहानपणापासून खिडकीतून पाहिलेल्या माणसाला बोगद्याशिवाय रेल्वे पुरी वाटत नाही. पण लोणंदहून फलटणला जाताना डोंगर फोडण्याचे काहीच कारण पडत नाही, आणि काटकसरीने चालणारी कंपनी हौसेखातर बोगदा खणणार नाही. तयार केलेला बोगदा मी उचलून माळ्यावर ठेवला.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोहोचली. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून अधिक भार नको, या हिशेबाने तिचे डबे आखलेले होते, त्यामुळे हलके आणि स्वस्त रूळ पुरत. दख्खनच्या पठारावर थोड्या भांडवलात रेल्वे कशी चालवावी, याचा धडा इतका जवळ असताना माझ्या कल्पित प्रवर्तकांनी दुसरी रुंदी निवडली असती, असे मला वाटत नाही. मॉडेलसाठीही ते सोयीचे ठरले. १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या आकारात, ७६२ मिलिमीटर म्हणजे ८.७६ मिलिमीटर, आणि बाजारात तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याच्या अगदी जवळ बसतो.

मार्ग केव्हा बांधला गेला, हे मात्र पाण्याने ठरवले. भाटघरचे नवे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने फलटणकडच्या कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहू लागला. म्हणून माझी कंपनी १९२९ मध्ये पहिली गाडी सोडते आणि लगेच जागतिक मंदीत सापडते. ही मंदी माझ्या फार उपयोगाची आहे. नवी इंजिने घेणे परवडत नसल्यामुळे कंपनीने दुसऱ्यांकडची जुनी इंजिने व डबे विकत घेतले, आणि माझ्या फळीवरील एकाही डब्याची उंची दुसऱ्याशी का जुळत नाही, याचे उत्तर त्यातून आपोआप मिळते. पुढे १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्या दशकात साखरवाडीला कारखाना उभा राहिला, आणि सुरवडीजवळून तिकडे जाणाऱ्या माझ्या फाट्याने कंपनीला तारले.

त्यापुढचा पेच अधिक अवघड होता. मार्ग फलटण संस्थानच्या मालकीचा दाखवला असता, तर १९४८ च्या विलीनीकरणानंतर तो फार काळ स्वतंत्र राहिला नसता. बार्शी लाइटही १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. पण विदर्भातील शकुंतला ही ७६२ मिलिमीटरचीच रेल्वे खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, आणि तो दाखला धरून मी संस्थानला केवळ भागधारक केले.

इतिहास असा पक्का झाल्यावर वाहतुकीचा हिशेब मांडायला घेतला, आणि तेथे माझी मोठी चूक उघडी पडली. साखरेसाठी मी मोठ्या हौसेने अकरा मालडबे बनवले होते. माझ्या कल्पनेतील कारखाना दिवसाला ५०० टन ऊस गाळतो, असे धरू. शंभरामागे दहाचा उतारा धरला तर साखर निघते ५० टन. एका डब्यात १५ टन माल धरला, तर रोज चार डबे पुरेसे आहेत, तेही गळिताच्या चार-पाच महिन्यांपुरते. ऊस शेतातून कारखान्यापर्यंत बैलगाडीनेच येणार, त्याचा रेल्वेशी संबंध नाही. कांद्याचेही तसेच झाले. लोणंदची कांद्याची पेठ प्रसिद्ध आहे, म्हणून कांदा माझ्या गाडीने यावा असे मला वाटत होते. पण तरडगावचा शेतकरी एवढ्या थोड्या अंतरासाठी कांदा गाडीतून उतरवून डब्यात आणि डब्यातून पुन्हा पेठेत कशाला नेईल? तो बैलगाडी जुंपून थेट पेठेत येणार. कांद्याचे डबे मी मोडीत काढले.

चार डबे रोज साखर घेऊन बाहेर पडतात, हे ठरल्यावर मी समाधानाने गाड्या सोडू लागले. आमच्या सोसायटीत ऐंशी पार केलेले एक काका आहेत, ज्यांनी मिरज मार्गावर मीटरगेजच्या, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांच्या दिवसांत गार्डची नोकरी केली. ते एका रविवारी खुर्ची ओढून बसले, दोन फेऱ्या त्यांनी शांतपणे पाहिल्या आणि विचारले, “अगं, साखर गेली ते समजलं. पण फलटणकडे काय येतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. साखर शुद्ध करायला गंधक आणि चुना लागतो, भरायला नवी गोणपाटाची पोती लागतात, यंत्रांचे सुटे भाग लागतात. गावाला मीठ, रॉकेल, लोखंडी पत्रे आणि कापडाचे गठ्ठे लागतात. हे सगळे मिळूनही परतीचे डबे भरत नाहीत, म्हणून काही रिकामेच परत न्यावे लागतात.

काकांमुळेच लोणंदचा मालधक्का माझ्या मांडणीचा मध्यबिंदू झाला. १९५५ मध्ये पुणे–मिरज मार्ग मीटरगेज होता, म्हणजे साखरेचे प्रत्येक पोते लोणंदला अरुंद डब्यातून मीटरगेजच्या डब्यात आणि पुढे मुंबईला जायचे असल्यास पुण्याला पुन्हा ब्रॉडगेजच्या डब्यात चढवावे लागणार. एकाच धक्क्याच्या एका अंगाला ९ मिलिमीटरचा आणि दुसऱ्या अंगाला १२ मिलिमीटरचा, म्हणजे मीटरगेजचा रूळ आहे. मध्ये हमाल, मापाडी आणि माल पोहोचवण्याचा ठेका घेणाऱ्या हुंडेकऱ्याची पत्र्याची कचेरी आहे. कचेरीच्या दारावरील दरपत्रक मी सुईच्या टोकाने लिहिले. त्यात वजन मणांत आणि भाडे आण्यांत आहे, कारण दशमान नाणी १९५७ मध्ये आली. फलटण मात्र दिसत नाही. २६ किलोमीटरचा मार्ग १:८७ प्रमाणातही जवळजवळ ३०० मीटर होतो, तेव्हा सुरवडीनंतर गाडी पुस्तकांच्या कपाटामागे जाते आणि तेथील पाच रूळ म्हणजे फलटण, असे मानायचे.

आषाढात वेळापत्रक बदलते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते, वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, आणि माझा मार्ग तेथेच रस्ता ओलांडतो. त्या दिवशी फाटक गाड्यांसाठी बंद आणि माणसांसाठी उघडे राहते. पालखी फलटणला पोहोचली की दर्शनाला येणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांसाठी जादा गाडी सुटते. एरवीच्या प्रवासी गाडीला दोनच डबे असतात, कारण स्थानकाच्या आवारात एसटीची गाडी उभी आहे आणि ती फलटणला आधी पोहोचते.

आता प्रत्येक डब्याची एक चिठ्ठी आहे आणि तिच्यात त्या फेरीची बिल्टी खोचलेली असते: काय भरले, कोठून, कोणासाठी. मागच्या रविवारी मी चिठ्ठ्या लावून फलटणकडची मालगाडी तयार केली आणि काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून पहिल्या डब्याची बिल्टी वाचली. पोत्यांचा डबा इंजिनाला लागूनच होता. “वाफेचं इंजिन आहे ना? ठिणगी उडाली तर गोणपाट पेटेल. मध्ये दोन चुन्याचे घाल.” मालधक्क्याच्या सांध्यावरून तीन वेळा मागे-पुढे करून मी तो डबा चौथा नेला, आणि बारा मिनिटे उशिराने गाडी सुरवडीकडे निघाली.