कॅमेरा बदलायचा का, हे मी वाया गेलेल्या फोटोंना विचारलं

माझा सोनी ए६००० मी २०१५ मध्ये घेतला. मॉडेल आदल्या वर्षीचं, २४ मेगापिक्सेल, सोबत १६-५० एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येते ती. आता ग्रिपचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, मागची बटणं गुळगुळीत झालीत, पण कॅमेरा एकदाही अडलेला नाही. तरी गेले सहा-सात महिने रात्री झोपायच्या आधी मी सोनीच्याच नव्या ए६७०० चे रिव्ह्यू बघत होते आणि प्रत्येक रिव्ह्यू संपला की वाटायचं आपल्याकडे काहीच नाही, बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, टचस्क्रीन नाही, फोरके व्हिडिओ नाही, पोर्टसुद्धा जुना मायक्रो यूएसबी.

हे सगळं सुरू झालं भाची पळायला लागल्यापासून. ती एका जागी पडून असायची तेव्हाचे तिचे फोटो याच कॅमेऱ्यावर इतके सुंदर आलेत की ताईने दोन मोठे प्रिंट करून भिंतीवर लावलेत. आता ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, संध्याकाळची वेळ असते, आतमधला दिवा, आणि माझ्या हातात उरतात पुसट फोटो. मला खरंच त्रास व्हायचा, कारण ती परत दीड वर्षाची होणार नाहीये.

मग एका रविवारी रिव्ह्यू बंद केले आणि लॅपटॉपवर गेल्या वर्षभरातले तिचे वाया गेलेले फोटो काढून बसले. मी सहसा काही डिलीट करत नाही, फक्त रिजेक्टचा फ्लॅग लावून ठेवते, त्यामुळे सगळे होते. एकेक फोटो शंभर टक्के झूम करून बघितला आणि तो का बिघडला ते ठरवलं, आणि हे काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं कारण पुसट फोटो तीनच प्रकारचे असतात. सगळी फ्रेम, म्हणजे मागची भिंत, खुर्ची, माणूस, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय तर तुमचा हात हलला. भिंत आणि खुर्ची स्वच्छ आहे पण माणूस फराटला गेलाय तर माणूस हलला, शटर स्पीड कमी पडला. आणि फ्रेममध्ये काहीतरी एक अगदी धारदार आहे, कान, बाही, मागचा पडदा, पण डोळे मऊ आहेत, तर फोकस चुकला. या तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत आणि नवीन बॉडी तिन्हींवर सारखी चालत नाही, हे मला माहीत होतं पण कधी स्वतःच्या फोटोंना लावून बघितलं नव्हतं.

निम्म्याहून जास्त फोटो दुसऱ्या प्रकारचे निघाले. भिंत छान, मूल फराटलेलं. एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठलेली सेटिंगची नोंद, बघितलं तर सगळीकडे तेच, लेन्सचा झूम ५० एमएमवर, अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड, आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६, शटर १/३० नाहीतर १/४० सेकंद. धावणाऱ्या मुलासाठी हा स्पीड चालणारच नाही, कॅमेरा कुठलाही असो. ए६७०० मधलं स्टॅबिलायझेशन पाच स्टॉपचं आहे म्हणतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) आणि ते मला सगळ्यात जास्त खुणावत होतं, पण ते माझा हात स्थिर करतं, भाचीला नाही. हात हलल्याचे फोटो माझ्याकडे मोजके होते, बहुतेक रस्त्यावरचे रात्रीचे.

म्हणजे हवा होता प्रकाश. ए६७०० चा सेन्सर नवीन आहे, २६ मेगापिक्सेल आहे, चांगला आहे, पण आकाराने माझ्या कॅमेऱ्यातल्याएवढाच, एपीएस-सी नावाचा, त्यामुळे त्याच लेन्समधून तो काही कितीतरी पट प्रकाश गोळा करणार नाही. लेन्सचा हिशेब वेगळा आहे. एफ ५.६ वरून एफ १.४ वर आलं की चार स्टॉप मिळतात, सोळा पट प्रकाश, म्हणजे तोच आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ठेवून १/३० चं १/५०० होतं. हा आकडा कागदावर लिहिला आणि थोडा वेळ बघतच राहिले. दहा वर्षं किट लेन्स वापरून दोष बॉडीला देत होते.

माझ्या मैत्रिणीकडे ए६७०० आहे आणि सिग्माची ५६ एमएम एफ १.४ पण आहे. तिने दोन्ही शनिवार-रविवार दिलं (तिचे आभार मानावे तेवढे कमी). पहिल्या दिवशी मी फक्त लेन्स घेतली आणि माझ्याच ए६००० वर लावली. फराटणं जवळपास संपलं. खरंच संपलं, भाची सोफ्यावरून उडी मारतेय आणि केस हवेत स्वच्छ दिसतायत. पण आता तिसऱ्या प्रकारचे फोटो वाढले! दीड मीटरवरून एफ १.४ ला फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम चार सेंटिमीटर असतो, किट लेन्सवर ५.६ ला तो साधारण वीस होता, म्हणजे आधी फोकस थोडा इकडेतिकडे गेला तरी खपून जायचं, आता नाही खपत. एफ २ वर आणलं तर थोडं बरं झालं, शटर तरीही १/२५० मिळत होता, पण पळताना तिचा डोळा सापडायचा तो नशिबानेच. ए६००० चा ऑटोफोकस त्याच्या काळात भन्नाट होता, १७९ फेज डिटेक्ट (फोकस पटकन धरणारे) पॉइंट, सेकंदाला ११ फोटो, आणि त्यात आय एएफ, म्हणजे डोळा शोधणारा ऑटोफोकस, आहेसुद्धा, पण तो एका बटणाला नेमून द्यावा लागतो आणि फक्त सिंगल एएफमध्ये, म्हणजे फोकस एकदा धरून तिथेच थांबतो तेव्हा, चालतो, धावणाऱ्या मुलासाठी त्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी तीच लेन्स ए६७०० वर. शटर अर्धं दाबलं की डोळ्यावर छोटा चौकोन बसतो आणि ती वळली, वाकली, पळाली तरी तिथेच राहतो. इथे मला मान्य करावं लागलं की हा फरक खरा आहे. बाकी मात्र... आयएसओ ६४०० चे फोटो शेजारी ठेवले तर नवीन थोडे स्वच्छ, पण माझ्या जुन्या रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइल्स लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या, फोटोतले दाणे काढणाऱ्या एआय डिनॉइजमधून काढल्या (तो २०२३ मध्ये आलाय) तर तो फरक मला प्रिंटवर दिसणार नाही. मेगापिक्सेलचा तर विषयच नाही, ६००० बाय ४००० ची फाइल ३०० डीपीआयने २० इंच रुंद प्रिंट होते, भिंतीवरचे प्रिंट त्याहून लहान आहेत. वजनात फरक जाणवतो, माझा ३४४ ग्रॅम, तो ४९३, आणि माझ्या बॅगेत तो रोज असतो म्हणून मला हे महत्त्वाचं आहे.

तर मला हवंय काय? कंटिन्यूअस फोकसमध्ये, म्हणजे माणूस हलत असताना सतत फोकस जुळवत राहताना, डोळा न सोडणारा एएफ, बस. आणि तो सोनीने २०१९ च्या जानेवारीत ए६४०० मध्ये दिलाय. त्यात स्टॅबिलायझेशन नाही, पण माझे फोटो त्याअभावी बिघडत नव्हते हे मी मोजून बघितलंय. वर त्याला एनपी-एफडब्ल्यू५० हीच बॅटरी चालते, माझ्याकडे तशा चार आहेत आणि दोन चार्जर. ए६७०० ला झेड सिरीजची बॅटरी लागते, क्षमता दुपटीहून जास्त आहे हे खरं, पण चारही जुन्या बॅटऱ्या निरुपयोगी होतात आणि हे धरूनच किंमत मोजायला हवी, बॉडीच्या किमतीपुढे आपण हे विसरतो.

लेन्स मी मागवली, नवीन. ए६४०० सेकंड हँड बघतेय आणि शनिवारी एक बघायला जातेय. माझी लेन्स, माझी बॅटरी, माझं कार्ड घेऊन जाणार. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला एक फोटो म्हणजे सेन्सरवरची धूळ दिसेल, लेन्सची टोपी लावून एक लांब एक्स्पोजर म्हणजे हॉट पिक्सेल (अंधारातही चमकणारे बिघडलेले ठिपके) कळतील, सगळ्या डायली फिरवून बघायच्या, फ्लॅशच्या शूमध्ये आणि पोर्टमध्ये गंज नाही ना, माउंटवर लेन्स सैल बसत नाही ना. ताईला विचारलंय, भाचीला पण नेऊ का बरोबर म्हणून. ती म्हणाली ने, पण दुकानातलं काही पाडलं तर तूच बघ.