यादीचीच मुदत संपली

आमच्या अंतर्गत पोर्टलला पासवर्ड नाही. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर मी बनवून दिलेलं क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे एक प्रकारचं डिजिटल ओळखपत्र, असतं; ते दाखवलं तरच सर्व्हर आत घेतो. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला पहिला फोन आला, आणि दहा मिनिटांत फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच संदेश, ‘400 बॅड रिक्वेस्ट’. माझ्याही.

ज्याच्या आधारे बाकीची सगळी सर्टिफिकेटं खरी मानली जातात, त्या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली असणार, असंच आधी वाटलं. तपासलं तर अजून वर्षं बाकी होती. माझं स्वतःचं सर्टिफिकेटही ठीक. मग एन्जिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरचा एरर लॉग उघडला. प्रत्येक ओळीत तेच: व्हेरिफाय एरर 12, ‘सीआरएल हॅज एक्स्पायर्ड’.

आणि लख्ख आठवलं. महिन्यापूर्वी एका सहकाऱ्याचा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला होता. त्याचं सर्टिफिकेट रद्द करून मी आयुष्यात पहिल्यांदा सीआरएल, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी, सर्व्हरवर चढवली होती. त्या यादीलाही मुदत असते. सर्टिफिकेटं आणि ही यादी ज्या टूलने बनवतो त्या ओपनएसएसएलच्या नमुना कॉन्फिगमध्ये ती 30 दिवसांची, आणि मी तो आकडा तसाच ठेवला होता. यादी शिळी झाली की सर्व्हर कोणाचंच सर्टिफिकेट मान्य करत नाही. ते बरोबरच आहे. मधल्या काळात कोण रद्द झालं हे त्याला कळणार कसं?

फोनवर सर म्हणाले, “ती सीआरएलची ओळ तात्पुरती काढून टाक ना, लोक खोळंबलेत.”

“सर, ओळ काढली तर चोरीचा लॅपटॉपही आत येईल.”

ते क्षणभर थांबले. “किती वेळ लागेल?”

“पाऊण तास.”

नवी यादी सही करायला रूट की, म्हणजे रूट सर्टिफिकेटची गुप्त डिजिटल की, लागते, आणि ती मुद्दाम नेटवर्कबाहेर, कुलूपबंद कपाटातल्या पेनड्राइव्हवर ठेवलेली. कपाटाची किल्ली मिळवली, नेट नसलेल्या मशीनवर यादी बनवली. त्या पाऊण तासात फोन एकदाही थांबला नाही, पण घाई केली नाही याचं मला आजही समाधान आहे. सर्व्हरवर चढवण्याआधी यादी उघडून बघितली. चोरीच्या सर्टिफिकेटचा सिरियल नंबर एकेक अंक बोट ठेवून जुळवला, नवी मुदत वाचली आणि मगच एन्जिनएक्स रीलोड केला.

लॉगमध्ये पहिली 200, म्हणजे ‘सगळं ठीक’ची खूण, उमटली. मुदतीच्या आठवडाभर आधी मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट मी जेवायच्या आधीच लिहून ठेवली.