प्लग बदलले, आता गाडी पकडत नाही

गाडी आधी नुसती मिसिंग करत होती, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटायचा चुकत होता. नवे प्लग टाकले, प्लगला ठिणगीचा करंट देणारी एखादी कॉइल बदलली, आणि आता सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अशा वेळी मनात पहिल्यांदा येतं ते 'पार्ट डुप्लिकेट निघाला', आणि माणूस दुसरा पार्ट आणायला निघतो. आधी थांबा. नवा प्लग मुळातच खराब निघू शकतो, पण तीन किंवा चारही प्लग एकदम खराब निघणं फार अवघड आहे. काम सुरू करण्यापूर्वी गाडी रडतखडत का होईना चालू होत होती. म्हणजे बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो, जिथे काम करताना हात लागला. माझं सांगणं एवढंच, की खिशात हात घालण्याआधी तो सगळा रस्ता उलट दिशेने पुन्हा तपासा.

सेल्फच टक-टक करून थांबत असेल तर प्रश्न इग्निशनचा नाही, बॅटरीचा आहे. चालू करायच्या प्रयत्नात सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, हे नेहमीचं. स्वस्तातला मल्टीमीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. काम करताना बॅटरीचं टर्मिनल काढलं असेल तर ते हाताने हलवून बघा. हललं तर ढिलं आहे. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने, इंजिन अडवलंय, दुसरी चावी लावून बघा.

आता कॉइलकडे. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिचा कपलर (वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड) बसला असं वाटतं, पण 'टक्' आवाज आल्याशिवाय तो बसलेला नसतो. कपलर काढा, आतल्या पिना टॉर्चच्या उजेडात बघा. एखादी पिन वाकून आडवी झालेली असते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरचे कपलर एकसारखे असतात आणि वायरही पुरते, त्यामुळे अदलाबदल अगदी सहज होते. मग ठिणगी येते, पण चुकीच्या वेळी. सेल्फ मारताना इंजिन झटके देतं, मध्येच एअर फिल्टरकडून 'फट्' असा आवाज येतो. हा आवाज आला की बिघाड करंटचा नसून क्रमाचा आहे. चार सिलिंडरच्या ज्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगना ठिणगी देते, तिथे १ आणि ४ ची जोडी असते, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या जोडीत वायरी बदलल्या तर फरक पडत नाही. १ आणि २ बदलल्या की गाडी अडते.

प्लगपर्यंत पोचायला बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. त्याच्या पाइपवरच्या सेन्सरचा कपलर लावायचा राहून जातो, किंवा पाइपची पट्टी ढिली राहते. तिथेच जवळ इंजिनला बोल्टने आवळलेली अर्थिंगची वायर असते. ती सुटी राहिली तर कॉइलला करंट मिळूनही ठिणगी पडत नाही. फ्यूजही बघा, इग्निशन चालू ठेवून कॉइलची वायर बॉडीला टेकली असेल तर तो उडालेला असतो.

इतकं करूनही काही सापडलं नाही तर प्लग बाहेर काढा आणि नीट वाचा. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही. कोरडं ठणठणीत, म्हणजे पेट्रोलच येत नाही. प्लगवर खापर फोडू नका. पांढऱ्या पोर्सिलिनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट त्या वाटेने बॉडीला पळतोय. हातातून फरशीवर पडलेला प्लग वरून ठीक दिसतो, पण पोर्सिलिनला केसासारखा तडा गेलेला असू शकतो. असा प्लग परत लावायचा नाही, कितीही नवा असो.

बसवतानाही चुका होतात. प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, पाना नंतर. वॉशरवाला नवा प्लग टेकला की अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. तोच प्लग काढून पुन्हा लावताना फेऱ्याचा बारावा हिस्सा. ढिला राहिला तर कॉम्प्रेशन त्या बाजूने सुटतं आणि सेल्फ मारताना 'फस् फस्' ऐकू येतं. जास्त आवळला तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि ते काम प्लगच्या कितीतरी पट महाग पडतं.

गॅपचा, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीचा, मुद्दा बडोद्यात जरा सविस्तर सांगायला हवा, कारण इथे निम्म्या ओळखीच्या गाड्या सीएनजीवर पळतात. पेट्रोलच्या कितीतरी गाड्यांना १.० ते १.१ मिलिमीटर गॅप चालतो. सीएनजीवर तोच गॅप पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे साधारण ०.७ ते ०.८ ठेवतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा असेल तर तोच धरा. दुकानातून आलेला प्लग गॅप बरोबर घेऊनच येतो असं समजू नका. चार-पाचशेच्या प्लगला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न लावता बसवणं मला अजिबात पटत नाही. इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक टोकाला मात्र गेजने रेटू नका, ते तुटतं.

बाहेर काढलेला प्लग इंजिनला टेकवून 'ठिणगी येते की' म्हणणं हा पक्का पुरावा नव्हे. उघड्या हवेत ठिणगी सहज उडी मारते. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि अशक्त कॉइल किंवा प्लगवर बसणारा फाटलेला रबर बूट नेमका तिथे हरतो. तपासायचंच असेल तर स्पार्क टेस्टर वापरा. कॉइल मोकळी ठेवून सेल्फ मारू नका, तिच्या आतलं सर्किट जाऊ शकतं. सीएनजीची गाडी असेल तर आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसचा वास येत असताना ठिणगीची तपासणी करायचीच नाही.

प्लग ओले झाले असतील तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साठलंय. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि आतलं उडून जातं. एका वेळी आठ-दहा सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ गरम होऊन जाईल.

जुनी मारुती ८००, ओम्नी, झेन असेल तर दुनिया वेगळी. तिथे डिस्ट्रिब्यूटर एकेका प्लगला पाळीपाळीने करंट वाटतो. त्याची कॅप बदलताना आत फिरणारा रोटर काढून बाजूला ठेवतात आणि कॅप तशीच बंद करतात. रोटर मडगार्डवरच राहिला नाही ना, एकदा नजर टाका. कॅपच्या मधोमध कोळशाचं छोटं बोंड असतं, ते स्प्रिंगवर आत-बाहेर व्हायला हवं. ८०० च्या तीन सिलिंडरला क्रम १-३-२, झेनच्या चारला १-३-४-२, आणि तो रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजायचा. अख्खा डिस्ट्रिब्यूटर काढला असेल तर तो उलटा बसला असू शकतो. पहिल्या प्लगच्या होलवर अंगठा दाबून इंजिन हळू फिरवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की ती कॉम्प्रेशनची बाजू. पुलीची खूण जुळते तेव्हा रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरकडे हवं.

चावीचा स्विच बदलल्यावर एक खास लक्षण दिसतं. सेल्फ फिरतोय तोवर काही नाही, आणि चावी सोडताना त्याच क्षणी इंजिन एकदा उचल खाऊन बंद पडतं. म्हणजे चावी सेल्फच्या जागी असताना इग्निशनचा करंट तुटतोय. स्विचच खराब आहे, किंवा मागची वायर चुकीच्या पिनेवर गेलीय. टेस्ट लॅम्प कॉइलच्या वायरवर लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दिवा विझता कामा नये.

सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जागचा हलतच नसेल तर क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरकडे, जा. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ दिसेल. कॉइलच्या सर्किटला पी०३५१ पासून पुढे, मिसिंगला पी०३०० चं कुटुंब.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी चढली तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत प्लगच्या खड्ड्यात पाणी आणि गाळ शिरला होता. अशा गाडीचा प्लग काढण्याआधी खड्डा हवेने स्वच्छ फुंकून घ्या. नाहीतर तो चिखल थेट पिस्टनवर पडतो.

आणखी एक, सीएनजीवाल्यांसाठी. तुमची गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाणारी असेल आणि टाकीत महिनोन्महिने दोन लिटर पेट्रोल पडून असेल, तर प्लग निर्दोष असूनही ती पकडणार नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का, कान देऊन ऐका. आली नाही तर आधी पंपाचा फ्यूज बघा, मग पाच लिटर ताजं पेट्रोल टाकून पुन्हा प्रयत्न करा.

चालू झाली की लगेच बोनेट बंद करू नका. गाडी गरम होऊ द्या, गॅसवर जाऊ द्या, आणि मग फतेहगंजच्या पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबून चढवा. उभ्या गाडीत लपलेली मिसिंग चढावर बाहेर पडते. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर झटका, असं झालं तर गॅप आणि रबर बूट पुन्हा उघडून बघा.