७३ की ७१?

आमच्या शेजारच्या अण्णांच्या मते बॅडमिंटनच्या त्या फायनलमधली ती रॅली, म्हणजे एका पॉइंटसाठी सलग चाललेली फटक्यांची देवाणघेवाण, ७१ फटक्यांची होती. टीव्हीवाले ७३ म्हणाले, पेपरातही ७३ छापून आलं, तरी अण्णा हटायला तयार नाहीत. "मी मोजलोय की," एवढंच म्हणतात. हा वाद ऑगस्ट २०१७ पासून चालू आहे. मधे करोना येऊन गेला, अण्णांच्या दोन नातींची लग्नं उरकली, वाद तिथंच आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. इथं भांडण मराठीत सुरू होतं आणि तेलुगूत मिटतं. अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. मागांच्या खडखडाटानं कान गेले, म्हणून त्यांचा टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जातो आणि गल्ली त्या आवाजामागोमाग त्यांच्या घरात येऊन बसते. क्रिकेटला तर उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग असतो. बॅडमिंटनला पूर्वी कुणी फिरकत नसे. २०१६ ला रिओ ऑलिंपिकला सिंधू फायनलला पोचली आणि अण्णांच्या आईनं, म्हणजे गल्लीच्या अव्वानं, पडद्याकडे बघून "मन अम्माई" म्हणून टाकलं. आपली पोरगी. हैदराबादची, तेलुगू बोलणारी, म्हणजे घरचीच की. त्या दिवसापासून चपला वाढल्या. समोरच्या कॅरोलिना मरीनचं नाव अव्वाच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती शेवटपर्यंत "ती ओरडणारी"च राहिली.

अण्णा शटलला धोटा म्हणतात. मागावर धोटा बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो. इंग्रजीत त्यालाही शटलच म्हणतात, त्यामुळं अण्णांची चूक काढायची सोय नाही. त्यांची सगळी कॉमेंट्री मागावरचीच. फटका रेषेबाहेर गेला की "धोटा उडाला". जाळ्यात अडकला की "धागा तुटला". आणि खेळाडू गुडघ्यावर हात टेकून वाकली की हळू आवाजात, "कांडी संपाय आली बे पोरीची." हैदराबादच्या अकादमीत दम कसा वाढवतात ते मला ठाऊक नाही, पण दम संपतो म्हणजे काय होतं ते मला या एका वाक्यानं जितकं कळलं तितकं कुठल्या कॉमेंटेटरनं सांगितलेलं नाही.

तर ती ग्लासगोची, जागतिक स्पर्धेची फायनल. २७ ऑगस्ट, रविवार. शुक्रवारी गणपती बसलेले, मंडळाचा लाऊडस्पीकर आणि अण्णांचा टीव्ही यांची जुगलबंदी चाललेली. समोर जपानची नोझोमी ओकुहारा. आदल्याच दिवशी सेमीफायनलला हिनं सायनाला हरवलेलं, त्यामुळं अण्णांचं तिच्याशी वैर दुप्पट. जाळं खांबापाशी पाच फूट एक इंच असतं आणि ही बाई जेमतेम तेवढीच. सिंधू पाच फूट दहाच्या वर. नाणेफेकीला दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा अव्वानं विचारलं, "हिला जेवायला घालत न्हाईत का?" पण खेळ सुरू झाला आणि टाकेल तिथं ओकुहारा हजर. मागं टाका, मागं आहे. जाळ्यापाशी सोडा, तिथं आहे. पहिली गेम १९-२१. "काय करूलालीय ही," अण्णा करवादले, "जरा मागं ढकल की तिला!"

दुसऱ्या गेमला सिंधू २१-२० वर आली आणि ती रॅली सुरू झाली. अण्णा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. हिशेबाला त्यांना तेलुगूच लागते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. चाळीस झाले, पन्नास झाले. आमच्यातला एक जण नकळत उभा राहिला आणि तसाच राहिला. नेमकी तेव्हाच मंडळाची पोरं आरतीला बोलवायला दारात आली आणि त्यातला एक तबक घेऊन सरळ टीव्हीसमोर उभा राहिला. क्षणभरच. अव्वानं त्याच्या पोटरीवर काठी मारली तसा बाजूला झाला. रॅली सिंधूनं जिंकली, गेम २२-२०, आणि दोघी कोर्टावर श्वास शोधत होत्या. माझं म्हणणं असं की ते दोन फटके त्या तबकाआड गेले. अण्णा म्हणतात, "आवाजावर मोजलोय." ज्यांना दारावरची कडी ऐकू येत नाही, ते!

तिसरी गेम २०-२२. एक तास पन्नास मिनिटं झाली होती. टीव्ही बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यावरच्या काकांनी पेपराच्या कडेला बेरीज मांडली, सिंधू ६१, ओकुहारा ६३. दोन पॉइंटांसाठी एवढा खटाटोप! काका जुन्या जमान्यातले. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, गेम पंधराची. प्रकाश पदुकोण १९८० ला ऑल इंग्लंड जिंकला तो १५-३, १५-१०, गोपीचंद २००१ ला १५-१२, १५-६, हे आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ. "त्या पद्धतीनं खेळल्या असत्या तर गौरीजेवणाला संपली असती मॅच," एवढं बोलून ते आरतीला गेले.

पुण्याहून गणपतीला आलेला माझा भाचा तोवर गप्प होता. दुःखाच्या घरात माहिती पुरवायची हौस काहींना असते. तो म्हणाला, "मामा, हा खेळ मूळचा पुण्याचा. नियम १८७३ ला तिथंच झाले, नावसुद्धा पूनाच होतं." खरं आहे ते. इंग्रज अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळायचे. काका आरतीहून परतले होते, त्यांनी लगेच सांगलीच्या नंदू नाटेकरांना पुढं केलं. १९५६ ला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय सांगलीचा, पुण्याचा नव्हे. अण्णांना यातलं निम्मंच ऐकू आलं. ते म्हणाले, "नियम पुण्याचे, मग पोरी हैदराबादनं का येतात?" भाचा निरुत्तर. पुण्याहून हैदराबादला निघालेली गाडी मधे सोलापूरला थांबते. आमचा खेळाशी संबंध तेवढाच. गाडी थांबते, आम्ही चहा घेतो आणि दोन्हीकडच्यांना नावं ठेवतो.

नाही म्हणायला मी सकाळी खेळतो. म्हणजे चौघांत दोघं खेळतात आणि दोघं गुडघ्यांवर चर्चा करतात. पिसांचं शटल महाग, सोळा पिसं, वजन साडेपाच ग्रॅमच्या आत, आणि आमच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत पीस दोन फटक्यांत काडीसारखं मोडतं. म्हणून आम्ही आदल्या रात्री शटलच्या नळकांड्याला वाफ देतो. बायको म्हणते, घरात सर्दी झाली तरी एवढ्या प्रेमानं कुणाला वाफ मिळत नाही.

२०१९ ला बाझेलच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा त्याच दोघी फायनलला आल्या. गल्लीनं दोन वर्षं वाट बघितलेली. शेंगाचटणी, भाकरी, चहाचा थर्मास, सगळी तयारी. आणि नेमकं नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी चार दिवसांआड येतं, ते आलं की माणूस फायनलच काय, वरात सोडून पळेल. टाकी, पिंप, दोन घागरी, शेवटी पातेली. हात पुसत परत आलो तर अण्णा पेढा घेऊन दारात. २१-७, २१-७. ३८ मिनिटांत सगळं आटोपलं होतं. आपली मुलगी जगज्जेती झाली आणि मी पिंपाला फडकं बांधत होतो.

गंमत अशी की त्या फायनलवर आमच्याकडं कुणी बोलतच नाही. काय बोलणार? आली, मारलं, गेली. अण्णांनाही तिच्याबद्दल विचारलं तर "चांगली झाली" म्हणतात, कढी चांगली झाली म्हणावं तसं. ग्लासगोचा विषय मात्र काढायची खोटी. तो शेवटचा फटका असा मारायला हवा होता, तो तबकवाला कुणाचा पोरगा होता, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

परवा अण्णांच्या नातवानं मोबाइलवर ती रॅली शोधून काढली. रात्री दहाला मला हाक आली. अव्वा आता नाही, तिच्या खुर्चीत नातू बसलेला. अण्णांनी चष्मा पुसला, मोबाइल नाकाशी धरला आणि मोजायला लागले. मधे कोणी येऊ नये म्हणून दाराला कडी लावलेली. शेवटचा फटका पडला. अण्णांनी पेरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती?"

"चौऱ्याहत्तर," ते पुटपुटले. नातू हसला. अण्णांनी मोबाइल त्याच्यापुढं धरला, "परत लाव बे." आणि बोट पहिल्या पेरावर ठेवून बसले, "ओकटी, रेंडू, मूडू..."