धूर तेवढाच, आकडा कमी

बँकेचा शाश्वतता अहवाल म्हटलं की लोकांना वृक्षारोपणाचे फोटो आठवतात. आमच्या विभागाचे कित्येक महिने मात्र कर्जदार कंपन्यांच्या कार्बन उत्सर्जनाचे आकडे जमवण्यात जातात. बँकेचं स्वतःचं उत्सर्जन म्हणजे दिवे, एसी, प्रवास. खरा भार तिच्या पैशावर चालणाऱ्या धुराड्यांचा. कंपन्यांकडून पर्यावरणविषयक माहिती गोळा करणाऱ्या सीडीपी या संस्थेने वित्तसंस्थांच्या अहवालांवरून केलेल्या हिशोबात हा भार कार्यालयीन उत्सर्जनाच्या ७०० पटींहून जास्त भरला होता. म्हणून कर्जदारांच्या आकड्यांचा तक्ता मी जिवापाड जपते.

यंदा ऑडिट कमिटीकडे जाणाऱ्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर मथळा होता: ‘कर्जांमार्फत होणाऱ्या उत्सर्जनात लक्षणीय घट’. घट कुठून आली ते शोधायला मी कर्जखाती एकेक करून उघडली. जवळजवळ सगळी घट वीज आणि सिमेंटमधल्या मोजक्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची निघाली. त्यांचे नवे उत्सर्जनाचे आकडे अजून आलेच नव्हते. दोन्ही वर्षांना एकच जुना आकडा लावला होता. मग घट कशाची?

पीकॅफ, म्हणजे कर्जांमार्फत होणारं उत्सर्जन मोजायची पद्धत ठरवणारा वित्तसंस्थांचा गट. त्याच्या पद्धतीत कंपनीच्या उत्सर्जनातला बँकेचा वाटा असा निघतो: आपलं येणं बाकी असलेलं कर्ज भागिले कंपनीचं एकूण मूल्य, म्हणजे शेअरचं बाजारमूल्य अधिक कर्ज. समजा कर्ज १००, मूल्य १,००० आणि उत्सर्जन ५ लाख टन. आपला वाटा १० टक्के, म्हणजे ५० हजार टन. शेअर वधारून मूल्य १,२५० झालं की वाटा ८ टक्क्यांवर येतो आणि आपल्या नावावर ४० हजार टनच उरतात. कर्ज तेवढंच, धूर तेवढाच, आणि कागदावर २० टक्के घट. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

मी घटीचे दोन भाग पाडले: बाजारभावामुळे किती, प्रत्यक्ष बदलामुळे किती. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ काहीच उरलं नाही. संपर्क विभागाचं उत्तर होतं, “मॅडम, पद्धत तर मान्यताप्राप्त आहे ना?” लेखापरीक्षकही तेच म्हणाले. लिमिटेड अॅशुरन्समध्ये, म्हणजे मर्यादित स्वरूपाच्या तपासणीत, ते आकडेमोड तपासतात, मथळा वाचून लोकांचा काय समज होईल ते नाही. अशा वेळी मला या व्यवस्थेचा राग येतो. प्रत्येक जण आपापल्या चौकटीत बरोबर असतो.

कमिटीत एका स्वतंत्र संचालक बाईंनी थेट विचारलं, “यातल्या एका तरी कंपनीने धूर कमी केल्याचा पुरावा आहे?” मी नाही म्हणाले. बाकीचे कागद चाळत राहिले. बँकांच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासेल समितीच्या सुशासनावरच्या २०१५च्या १३ तत्त्वांपैकी बारावं प्रकटीकरण आणि पारदर्शकतेचं आहे. आमच्या अहवालातलं सुशासनाचं प्रकरण त्याचाच दाखला देतं, आणि ते मांडणारी मंडळी त्याच टेबलाभोवती बसली होती.

शेवटी तडजोड झाली. मथळ्यातून ‘लक्षणीय’ गेलं, ‘घट’ राहिली. बाजारमूल्याचा उल्लेख मागच्या पद्धतीविषयक पानावर गेला, एका ओळीत. घटीच्या विभागणीचा माझा तक्ता छापला गेला नाही.

बाजार पडेल तेव्हा हाच भागाकार आमचं उत्सर्जन फुगवून दाखवेल, आणि तेव्हा बाजाराचा परिणाम वेगळा दाखवा म्हणून हेच विभाग माझ्याकडे येतील. त्याआधीच, आकडा आमच्या सोयीचा असतानाच, ही विभागणी दरवर्षी सक्तीची करावी असा लेखी प्रस्ताव मी कमिटीकडे दिला आहे. तो अजून विषयपत्रिकेवर आलेला नाही.