विमानातली घरघर आणि नवा हेडसेट : माझा अनुभव

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी जवळ आली होती, म्हणून मी त्याआधी स्वतःहूनच कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणक्षमतेचा आलेख, काढून घेतला. आलेख बहुतेक ठिकाणी सरळ होता, पण ४००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांच्या रेषा खाली उतरून पुन्हा वर आल्या होत्या. आवाजामुळे कानाला होणारी इजा प्रथम दिसते ती याच पट्ट्यात. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करतो हे डॉक्टरांना माहीत होते. त्यांनी विचारले, “फाउंड्रीत तुम्ही कानावर मफ लावता म्हणता, मग विमानात काय लावता?”

विमानात मी प्रशिक्षणाच्या काळात घेतलेला साधा, म्हणजे पॅसिव्ह प्रकारचा हेडसेट लावत होतो. परवान्याच्या दृष्टीने मला काही अडचण नव्हती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत श्रवणाची मर्यादा ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबल, तर ३००० हर्ट्झला ५० डेसिबल अशी आहे, आणि ४००० हर्ट्झचा त्यात उल्लेख नाही. याचाच अर्थ असा की, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होणारा माणूससुद्धा कान गमावण्याच्या वाटेवर असू शकतो. अंतःकर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे हेडसेट बदलायचा, आणि तो नीट तपासून बदलायचा, असे मी ठरवले.

आमच्या फेटलिंग, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, विभागात आवाज मोजण्याचे यंत्र असते. परवानगी घेऊन ते मी बारामतीला नेले, कारण मी तिथल्याच धावपट्टीवरून सेसना १७२ उडवतो. विमान स्थिर उंचीवर, स्थिर वेगाने जात असताना शेजारच्या आसनावरच्या प्रशिक्षक सरांनी यंत्र माझ्या कानाच्या उंचीवर धरले. ‘ए’ मापनावर आकडा नव्वदीच्या मध्यावर होता. आपल्याकडच्या कारखाना नियमांनुसार आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेची शिफारस त्याहून कडक, म्हणजे ८५ डेसिबलची असून, दर ३ डेसिबलला मुभेचा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम एक तास उरतो. यानंतर सरांनी यंत्राची कळ ‘सी’ मापनाकडे फिरवली आणि आकडा एकदम शंभरीच्या पलीकडे गेला.

या फरकात हेडसेट निवडीची बरीचशी गोष्ट दडलेली आहे. ‘ए’ मापन माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार खालच्या सुरांना कमी धरते, ८० हर्ट्झच्या आसपास तर सुमारे २२ डेसिबलने कमी; ‘सी’ मापन त्यांना जवळपास पूर्ण मोजते. आणि आमच्या विमानाची मुख्य घरघर नेमकी तिथेच आहे. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे झाले. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला ८०. प्रोपेलरला दोन पाती, म्हणून तिथेही सेकंदाला ८० झोत. दोन्ही उगम एकाच सुरावर येऊन मिळतात. जाड कप, फोम आणि घट्ट पकड यांनी कान झाकणारा पॅसिव्ह हेडसेट वरचे सूर उत्तम अडवतो, परंतु हा ८० हर्ट्झचा सूर त्याला फारसा जुमानत नाही. डब्यावर छापलेला एनआरआर, म्हणजे एकूण आवाज किती घटतो हे सांगणारा, एकच आकडा पाहून हे कळत नाही. डेव्हिड क्लार्कच्या एच१०-१३.४ या गाजलेल्या पॅसिव्ह हेडसेटचा एनआरआर २३ आहे आणि तो हेडसेट आपल्या जागी अतिशय भरवशाचा आहे, पण त्या २३ मध्ये कोणता सूर किती कमी होतो हे पाहायचे तर कंपनीने दिलेला वारंवारतेनुसारचा तक्ताच उघडावा लागतो.

खालच्या सुरांचा आणखी एक उपद्रव असा की ते वरच्या सुरांना झाकून टाकतात. टॉवरवरून येणारे शब्द ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, ते घरघरीखाली बुडतात, मग वैमानिक रेडिओचा आवाज वाढवतो, आणि कानाला इजा करणाऱ्या आवाजात त्याच्या स्वतःच्या हाताने भर पडते. माझ्याबाबतीत हेच होत असणार, कारण उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावर उतरताना टॉवरचे शब्द स्पष्ट यावेत म्हणून इंटरकॉमची कळ नेहमीच पुढे सरकवलेली असे. आवाज कमी केल्याने रेडिओही कमी ठेवता येतो, हा मला सक्रिय ध्वनिरोधाचा, म्हणजे एएनआरचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

एएनआरमध्ये कपाच्या आतला लहान मायक्रोफोन आत शिरलेला आवाज टिपतो आणि हेडसेटचे सर्किट त्याच्या बरोबर उलट लहर स्पीकरमधून सोडते, त्यामुळे दोन्ही लहरी एकमेकींना मारक ठरतात. लांब लहरींसाठी, म्हणजे खालच्या सुरांसाठी, हे छान जमते, वरच्या सुरांसाठी जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कप आणि गादी हेच उपाय राहतात. ही कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना सुचली. १९८६ मध्ये न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानात डिक रुटान आणि जीना येगर यांनी बोस यांच्या कंपनीचे प्राथमिक नमुने वापरले, आणि १९८९ मध्ये त्या कंपनीचा असा हेडसेट बाजारात आला. नऊ दिवसांच्या त्या प्रवासात कान शाबूत राहावेत यासाठीच हे यंत्र नेले गेले, हे वाचल्यावर मला खर्चाबद्दल वाटणारी कुरकुर बरीच ओसरली.

खरी निवड मात्र विमानात बसूनच झाली. ओळखीच्या वैमानिकांनी आपापले हेडसेट विश्वासाने वापरायला दिले, त्यात बोसचे ए२० आणि ए३०, लाइटस्पीडचा झुलू ३ आणि डेव्हिड क्लार्कचा डीसी वन-एक्स होते. दुकानात पंख्याखाली लावून पाहिले की सगळेच आरामदायक वाटतात. तासभर उड्डाणानंतर कानशिलांवर किती दाब येतो, घाम कुठे साचतो, हे मात्र एप्रिलच्या दुपारीच कळते. मला चष्मा आहे. माझ्या जुन्या चष्म्याच्या प्लास्टिकच्या काड्या जाड होत्या. डोके थोडे वळवले की कानाच्या मागच्या बाजूने घरघर आत शिरायची आणि बोटाने गादी दाबली की नाहीशी व्हायची. काडी आणि गादी यांच्यामधली केसाएवढी फटसुद्धा खालच्या सुरांना पुरते. मी भाऊसिंगजी रोडवरच्या दुकानातून पातळ धातूच्या काड्यांचा चष्मा करून घेतला आणि तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा फरक सहज कळला. वैमानिकाला जादा चष्मा जवळ ठेवावाच लागतो, म्हणून दोन्ही चष्मे तसेच केले. हजारो रुपयांचा हेडसेट घेणाऱ्या प्रत्येक चष्माधारी वैमानिकाने आधी काड्या पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

दुसरी चाचणी इशाऱ्यांची. सेसनातला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, भोंगा पंखातल्या हवेच्या ओढीवर वाजतो, तो इंटरकॉममधून येत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने २००७ मध्येच वैमानिकांना सावध केले होते की विद्युत जोडणी नसलेले असे आवाज ध्वनिरोधक हेडसेटमध्ये दबू शकतात. म्हणून सुरक्षित उंचीवर, सर शेजारी असताना, आम्ही प्रत्येक हेडसेट लावून स्टॉलपर्यंत गेलो. भोंग्याचा सूर वरचा असल्यामुळे तो चारही हेडसेटमध्ये ओळखता आला. इंजिनाच्या आवाजातला बारीक बदल मात्र मला पूर्वीपेक्षा उशिरा जाणवू लागला, म्हणून आता फेरे दाखवणाऱ्या घड्याळावर माझी नजर अधिक वेळा जाते. तिसरी चाचणी म्हणजे एएनआर मुद्दाम बंद करून उडणे. सेल संपले तरी रेडिओ ऐकू आला पाहिजे आणि नुसत्या कपांनी तग धरला पाहिजे.

प्लगकडेही लक्ष द्यावे लागते. आमच्या विमानांत दोन प्लगची जोडणी असते, ६.३५ मिलिमीटरचा ऐकण्यासाठी आणि ५.२३ मिलिमीटरचा मायक्रोफोनसाठी. हेलिकॉप्टरचा एकेरी प्लग वेगळा, एअरबसचा पाच पिनांचा वेगळा, आणि पॅनेलमधून वीज घेणारा सहा पिनांचा आणखी वेगळा. भाड्याच्या विमानात पॅनेलच्या विजेची सोय असेलच असे नसल्याने मी दोन एए सेलवर चालणारा हेडसेट हवा असे ठरवले, कारण ते सेल कोणत्याही गावात मिळतात. मोनो इंटरकॉमच्या विमानात हेडसेटची कळ स्टिरिओवर राहिली तर एकाच कानात आवाज येतो, हेही नव्या माणसाने लक्षात ठेवावे.

लाइटस्पीडच्या डेल्टा झुलूचा मी बराच विचार केला, कारण वापरणाऱ्याच्या श्रवणाप्रमाणे आवाज जुळवून घेण्याची सोय त्यात आहे आणि माझा ऑडिओग्राम पाहता ती मोलाची होती. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखण्याची सोयही त्यात आहे. एग्झॉस्टच्या उष्णतेवर चालणारा केबिन हीटर आपल्याकडच्या हवेत क्वचितच लावावा लागतो, पण एग्झॉस्टला भेग पडली तर हीटर नसतानाही वायू आत येऊ शकतो, म्हणून त्या सोयीची किंमत मी कमी लेखत नाही. तो हेडसेट मला उडवून पाहायला मिळाला नाही, आणि न लावता घ्यायचा नाही हा माझा नियम होता. शेवटी मी ए३० घेतला. त्याची पकड ए२०पेक्षा सैल आहे, चष्म्यावर तो नीट बसतो आणि ध्वनिरोधाच्या तीन पातळ्या निवडता येतात. किंमत सीमाशुल्क धरून लाखाच्या वर गेली. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर बिघाड झाल्यावर तो कुठे पाठवायचा, हमी भारतात चालते का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे. एका विक्रेत्याने मला या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले, तेव्हा मी त्यांच्याकडून खरेदी केली नाही.

नवा हेडसेट मी उन्हात विमानात ठेवत नाही, उड्डाणानंतर गाद्यांवरचा घाम कोरड्या कापडाने पुसतो. जुना हेडसेट टाकून दिलेला नाही. त्याच्या गाद्या कडक होऊन चिरल्या होत्या, त्या काढून नव्या जेलच्या गाद्या बसवल्या आणि मायक्रोफोनवरचा फोमही बदलला. माझ्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांना मी तो देतो, आणि उड्डाणापूर्वी त्याच्या आत फोमचे इअरप्लग घालायला सांगतो. त्यांचा रेडिओ मी थोडा वाढवून ठेवतो, म्हणजे प्लगमधूनही माझे बोलणे त्यांना स्वच्छ ऐकू येते.